मूल हलणारच, दिवा कुठे ठेवायचा? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात आम्ही पाच वर्षांखालील मुलांच्या छायाचित्रांसाठी प्रकाशयोजना कशी करावी, याविषयी प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांत स्टुडिओ चालवणारे जसे आहेत तशा घरीच बाळाचे फोटो काढणाऱ्या आयाही आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार केवळ गावांची नावे छापली आहेत.

प्रश्न : मी अमळनेर येथे नवा स्टुडिओ सुरू केला आहे. खोली १० बाय १४ फुटांची आहे. माझ्याकडे दोन स्टुडिओ फ्लॅश आणि दोन सॉफ्टबॉक्स (प्रकाश मृदू करण्यासाठी फ्लॅशवर लावायच्या कापडी पेट्या) आहेत. शिकताना सांगितल्याप्रमाणे ते दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, सारख्या शक्तीवर ठेवतो. मोठ्या माणसांचे फोटो ठीक येतात. पण दीड-दोन वर्षांच्या मुलांचे चेहरे सपाट दिसतात, आणि मूल थोडे सरकले की एक फोटो पांढराफटक तर दुसरा काळपट येतो. चूक कुठे होत असावी?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी आहेत.

चेहरा सपाट येतो, कारण दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश टाकणे ही मुळात कागदपत्रांची किंवा चित्रांची नक्कल घेण्याची पद्धत आहे. तिथे सावली नकोच असते. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर नाकाचा उंचवटा, गालाची हाडे, जबड्याची रेषा असते, त्यामुळे सपाट प्रकाशातही आकार थोडाफार टिकतो. दीड वर्षाच्या मुलाचे नाक बसके, गाल भरलेले आणि कपाळ पुढे आलेले असते. तिथे आकार दिसायचा तर तो प्रकाशाकडून सावलीकडे हळूहळू उतरत जाणाऱ्या छटांमधूनच दिसतो. म्हणून एक फ्लॅश बंदच करावा. मुख्य दिवा एकच असावा आणि दुसऱ्या बाजूला पांढरा पृष्ठभाग उभा करावा. फ्रिजच्या खोक्यातून निघालेला थर्माकोलचा मोठा तुकडा त्यासाठी उत्तम चालतो. तो जवळ आणला की सावली फिकी होते आणि लांब नेला की गडद होते. उजळ बाजू आणि छायेची बाजू यांत एका स्टॉपच्या (म्हणजे प्रकाश निम्मा होण्याइतक्या) आसपास फरक ठेवला, तर गालाचा गोलावा दिसतो आणि चेहरा उदासही होत नाही.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. प्रकाश मृदू हवा तर सॉफ्टबॉक्स जवळ आणा, हा नियम आपण शिकलेला आहे आणि तो बरोबरच आहे. परंतु तो स्थिर बसणाऱ्या माणसासाठी आहे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. सॉफ्टबॉक्स मुलापासून १ मीटरवर असेल आणि मूल अर्धा मीटर मागे रांगत गेले, तर त्याच्यावर पडणारा प्रकाश ४४ टक्क्यांवर येतो, म्हणजे एका स्टॉपहून अधिक कमी होतो. तेच मूल प्रकाशापासून अडीच मीटरवर असताना अर्धा मीटर सरकले, तर ६९ टक्के प्रकाश शिल्लक राहतो, आणि तेवढा फरक नंतर संगणकावर सहज भरून काढता येतो. पांढराफटक आणि काळपट फोटोंचे कारण एवढेच आहे.

मग दिवा मागे न्यावा, तर तो मुलाच्या दृष्टीने लहान होतो आणि सावल्या कडक होतात. यावर उपाय असा की दिवा मागे नेताना तो मोठा करावा. आपल्या खोलीत कॅमेऱ्याच्या डाव्या हाताचा कोपरा पांढरा असेल, तर सॉफ्टबॉक्स काढून फ्लॅशचे तोंड त्या कोपऱ्याकडे करावे. भिंत रंगीत असेल, तर दोन पांढऱ्या चादरी टांगाव्यात. भिंतीवर पाच-सहा फुटांचा उजळ पट्टा तयार होतो, आणि तो पट्टाच मुलासाठी दिवा ठरतो. मूल त्या पट्ट्यापासून सुमारे आठ फुटांवर आणि मागचा पडदा मुलापासून तीन फुटांवर, अशी मांडणी आपल्या १४ फुटांत बसते. भिंतीवरून परतताना प्रकाश बराच खर्च होतो, त्यामुळे शक्ती वाढवावी लागेल. पण त्या बदल्यात चटईभर जागेत मूल कुठेही बसले, उठले, वळले तरी फोटो वाया जाणार नाही. मुलाला प्रकाशाच्या जागी खिळवून ठेवण्याचा प्रयत्न करणारा छायाचित्रकार दहा मिनिटांत हरतो आणि मूल रडू लागते. प्रकाश मुलाच्या जागेपुरता पसरून ठेवावा, मुलाच्या चेहऱ्यावर नेमका नेऊन ठेवू नये, एवढे एकच तत्त्व मला या साऱ्या पत्रांच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

दिव्याच्या उंचीविषयी आपण लिहिलेले नाही, पण तिथेही चूक होत असावी अशी मला शंका आहे. स्टँड बहुधा मोठ्यांच्या मापाने सहा फुटांवर लावलेला असतो आणि मूल जमिनीवर बसलेले असते. दिवा जवळ असेल, तर प्रकाश अगदी वरून पडतो आणि पुढे आलेल्या कपाळाची सावली डोळ्यांवर येते. दिव्याचा मध्य मुलाच्या डोळ्यांच्या दीड-दोन फूटच वर असावा. मुलाच्या बुबुळात दिव्याचे प्रतिबिंब घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी दिसले, तर उंची बरोबर आहे असे समजावे.

तान्ह्या, पाठीवर निजलेल्या बाळाला मात्र हलता येत नाही, म्हणून तिथे मोठा सॉफ्टबॉक्स खुशाल जवळ आणावा. पण तो डोक्याच्या बाजूला असावा, म्हणजे प्रकाश कपाळावरून हनुवटीकडे उतरेल. दिवा पायांच्या बाजूला ठेवला की प्रकाश नाकपुड्यांत शिरतो, भुवयांच्या वर सावल्या पडतात आणि गोजिरवाणे बाळही भेसूर दिसते. शेजारच्या स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवल्याशिवाय काम सुरू करू नये. माझ्या स्टुडिओत एकदा वायरीत पाय अडकून स्टँड कोसळला आहे. त्या वेळी बाळ आईच्या कडेवर होते म्हणून निभावले, पण तेव्हापासून मी वाळूच्या पिशवीविना बाळाजवळ स्टँड उभा केलेला नाही.

प्रश्न : माझी मुलगी अकरा महिन्यांची आहे. शिरपूरला तिचे फोटो काढायचे आहेत, पण सासूबाई म्हणतात की फ्लॅशने लेकराचे डोळे खराब होतात. हे खरे आहे का? आणखी एक गोष्ट विचारायची आहे. मोबाइलने काढलेल्या दोन-तीन फोटोंत तिचा एक डोळा लाल आणि दुसरा पांढरट दिसतो. हा मोबाइलचा दोष आहे का?

उत्तर : ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते अधिक निकडीचे आहे. अंधाऱ्या खोलीत बाहुली विस्फारलेली असते. मोबाइलचा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्यामुळे त्याचा प्रकाश डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावरून सरळ परत येतो आणि डोळा लाल दिसतो. निरोगी डोळ्याची ती खूण आहे. एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा किंवा पिवळसर दिसणे याची कारणे अनेक असू शकतात. बाळ एका विशिष्ट कोनात बघत असेल, तर डोळ्याच्या आत दृष्टिमज्जातंतूच्या जागेवरून परतलेला प्रकाशही पांढरा दिसतो आणि त्यात काही वावगे नसते. परंतु जन्मजात मोतीबिंदू, तिरळेपणा किंवा रेटिनोब्लास्टोमा नावाचा डोळ्याचा कर्करोग यांतही असेच दिसते. हा कर्करोग बहुतांशी पाच वर्षांखालील मुलांना होतो आणि लवकर लक्षात आला तर बरा होण्यासारखा असतो. आपल्याला हे एकाहून अधिक फोटोंत दिसले आहे. म्हणून वाढदिवसाची वाट न पाहता, याच आठवड्यात ते फोटो घेऊन मुलीला नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. घाबरून जाऊ नये, पण दिरंगाईही करू नये. स्टुडिओचालकांनाही माझी विनंती आहे की असा फोटो दिसला, तर संगणकावर तो डोळा काळा करून देऊ नये, तर आईवडिलांना आधी दाखवावा. स्टुडिओत फ्लॅश भिंगापासून दूर असतो, त्यामुळे तिथे ही खूण सहसा दिसतच नाही. ती दिसते ती घरच्या मोबाइलच्या फोटोंतच.

आता सासूबाईंच्या शंकेविषयी. सॉफ्टबॉक्समधून किंवा भिंतीवरून येणाऱ्या फ्लॅशने निरोगी बाळाच्या डोळ्यांना इजा होत नाही. त्याची चमक सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास टिकते, आणि नेत्रतज्ज्ञ तपासणीच्या वेळी याहून कितीतरी अधिक वेळ तेजस्वी प्रकाश डोळ्यात सोडतात. तरीही उघडा फ्लॅश तोंडासमोर हातभर अंतरावरून उडवू नये. त्याने बाळ दचकते, क्षणभर त्याला दिसेनासे होते आणि पुढचा सारा वेळ ते त्या वस्तूला भिऊन राहते. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, डोळ्यांवर उपचार चालू असतील किंवा त्याला झटके येत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. सासूबाईंची काळजी लेकराच्या मायेपोटी आहे. त्यांना स्टुडिओत सोबत न्यावे आणि मुलगी त्यांच्या मांडीवर असतानाच पहिले दोन फ्लॅश उडवावेत, म्हणजे त्यांचे आणि मुलीचे दोघींचेही समाधान होईल.

प्रश्न : धुळ्यात संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे बोरन्हाणाच्या फोटोंची रीघ लागते. काळा झबला आणि हलव्याचे दागिने यांचा एकत्र फोटो कधीच मनासारखा येत नाही. हलवा नीट आला तर कपडा काळा गोळा दिसतो, आणि कपडा उजळला तर हलवा पांढरा पट्टा होतो. बोरे-चुरमुरे ओतण्याचा क्षणही धूसर येतो.

उत्तर : बोरन्हाणाचा फोटो म्हणजे प्रकाशयोजनेची खरी परीक्षा आहे, आणि आपल्याकडे ती दर जानेवारीत द्यावी लागते.

हलव्याचा एक दाणा हातात घेऊन खिडकीशी नीट पाहावा. चांगल्या हलव्याला बारीक काटे असतात, आणि त्याचे सगळे सौंदर्य त्या काट्यांत असते. समोरून प्रकाश टाकला की काट्यांच्या सावल्या दाण्यामागे लपतात आणि मुकुट खडूचा केल्यासारखा दिसतो. दिवा बाजूला, मुलाच्या खांद्याच्या रेषेपर्यंत नेला की प्रत्येक काट्याला स्वतःची सावली मिळते. म्हणून येथे मुख्य दिवा नेहमीपेक्षा अधिक बाजूला घ्यावा आणि समोरच्या बाजूने थर्माकोलचा हलका आधार द्यावा.

एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) हलव्यासाठी ठरवावे, झबल्यासाठी नव्हे. कॅमेऱ्यात जास्त उजळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सोय असते. ती चालू करून मुकुटाचे दाणे लुकलुकेनासे होतील इतके ॲपर्चर (भिंगातले प्रकाशाचे छिद्र) लहान करावे. करपलेल्या पांढऱ्यातून नंतर काहीही परत मिळत नाही, काळ्यातून मात्र बरेच काही बाहेर काढता येते. झबला उठून दिसण्यासाठी त्याच्यावर अधिक प्रकाश टाकण्याची गरज नाही. त्याच्या कडा दिसल्या पाहिजेत. त्यासाठी आपला दुसरा फ्लॅश मुलाच्या मागे, एका बाजूला, पडद्याआड उंचावर ठेवावा आणि अगदी कमी शक्तीवर खांद्यावर व बाहीवर सोडावा. काळ्या झबल्यामागे काळा पडदा लावण्याचा मोह मात्र टाळावा. मोहरीच्या पिवळ्या किंवा विटकरी रंगाचा साधा सुती पडदा या जोडीला फार शोभतो. आईवडील नवा झबला शिवून घेणार असतील, तर मखमलीऐवजी सॅटिनची पट्टी असलेला घ्यावा, असेही सुचवावे, कारण मखमल प्रकाश गिळते आणि सॅटिन कडेला चमकते.

आता बोरांविषयी. डोक्यावर दीड फुटावरून सोडलेले बोर खाली येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर होतो. सतत जळणाऱ्या दिव्यात शटर १/१६० सेकंद उघडे राहिले तर ते जवळपास २ सेंटिमीटर सरकते, म्हणजे बोराऐवजी बोराच्या लांबीची रेघ येते. फ्लॅशची चमक १/१००० सेकंदाची असेल, तर तेच बोर ३ मिलिमीटरच सरकते आणि गोल दिसते. पण त्यासाठी खोलीतला इतर प्रकाश बाद झालेला हवा. फ्लॅश बंद ठेवून त्याच सेटिंगवर एक फोटो काढून पाहावा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. त्यात ट्यूबलाइटचा उजेड दिसत असेल, तर तोच आपला फोटो धूसर करतो आहे. कॅमेऱ्यावर लावायचा छोटा फ्लॅश वापरत असाल, तर त्याची शक्ती एक अष्टमांशावर आणावी. शक्ती कमी केली की त्याची चमक अधिक आखूड होते आणि तो लगेच पुन्हा भरतो, त्यामुळे एका ओतण्यात तीन-चार फोटो मिळतात. बोरे गोळा करायला इतर मुले धावतात, तेव्हा स्टँड आणि वायरी त्यांच्या वाटेत नकोत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या हाती बोर किंवा सुटा हलवा लागणार नाही, याकडे एका मोठ्या माणसाने सतत लक्ष ठेवावे, कारण तो घशात अडकू शकतो.

प्रश्न : नंदुरबारला आमच्या भागात वीज अनेकदा जाते. फ्लॅश घ्यावा की एलईडी दिवे? माझ्याकडे वडिलांच्या काळातले १००० वॉटचे दोन हॅलोजनही आहेत.

उत्तर : हॅलोजन लहान मुलांसाठी वापरू नयेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो, आणि बंद खोलीत २००० वॉटची उष्णता म्हणजे चालू शेगडीच. बाळ घामाघूम होते, काचेला हात लागला तर भाजते, आणि पडदा पेटण्याचीही भीती असते.

एलईडीचा गुण असा की बाळ दचकत नाही आणि प्रकाश कसा पडतो हे आपल्याला आधीच दिसते. उजेडात बाहुली लहान होते, त्यामुळे डोळ्यांचा तपकिरी रंगही फोटोत उतरतो. अंधाऱ्या खोलीत फ्लॅशने काढलेल्या फोटोत पुष्कळदा नुसती काळी बाहुलीच दिसते. उणीव शक्तीची आहे. रांगत्या मुलाला १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर लागते, आणि परवडणारे एलईडी मोठ्या सॉफ्टबॉक्समधून तेवढा उजेड देऊ शकत नाहीत. मग आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढतो आणि फोटो खरखरीत होतो. शिवाय घरगुती एलईडी बल्ब घेऊ नयेत. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात आणि वेगवान शटरला फोटोवर आडवे पट्टे उमटतात.

माझा सल्ला असा की बॅटरीवर चालणारा एक स्टुडिओ फ्लॅश घ्यावा आणि खोलीत एक मंद एलईडी सतत चालू ठेवावा. वीज गेली तरी काम थांबत नाही. विजेवर चालणारा मोठा फ्लॅश घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नये, कारण भरताना तो एकदम जास्त प्रवाह ओढतो. बिघडलेला फ्लॅश स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका भार शिल्लक असू शकतो.

प्रश्न : मी चाळीसगावचा आहे. केकी मूस यांची छायाचित्रे लहानपणापासून पाहत आलो. तशी छायाप्रकाशाची, रेम्ब्रांट पद्धतीची छायाचित्रे लहान मुलांची काढता येतील का?

उत्तर : चाळीसगावच्या वाचकाने हे विचारावे याचा मला फार आनंद झाला. केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आपल्या घरालाच डच चित्रकार रेम्ब्रांटचे नाव दिले होते, आणि त्या घरात राहून त्यांनी जे टेबलटॉप छायाचित्रण केले, ते प्रकाश शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाने चाळीसगावला जाऊन पाहावे. टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंतून, केवळ दिव्याची जागा बदलून, संपूर्ण देखावा उभा करण्याची ती कला आहे. मात्र टेबलावरची वस्तू तासन्‌तास थांबते, मूल थांबत नाही.

रेम्ब्रांट पद्धतीत दिवा वर आणि बाजूला असतो. नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि छायेतल्या डोळ्याखाली प्रकाशाचा छोटा त्रिकोण उरतो. बाळाचे नाक इतके बसके आणि गाल इतके फुगीर असतात की ती सावली गालापर्यंत पोहोचतच नाही. ती पोहोचवण्यासाठी दिवा आणखी वर किंवा आणखी बाजूला न्यावा, तर डोळा अंधारात जातो. म्हणजे ही अडचण आपल्या कौशल्याची नसून चेहऱ्याच्या घडणीची आहे. चार-पाच वर्षांनंतर नाक वर येऊ लागते, तेव्हा हा प्रयोग जमू लागतो. त्याआधी छायाप्रकाश हवाच असेल, तर खिडकीकडे बघणाऱ्या मुलाचा बाजूने फोटो घ्यावा. कपाळ, पापण्या आणि ओठ यांची उजळ रेषा गडद पार्श्वभूमीवर फार सुंदर येते, आणि पापण्यांची लांबी तर त्या एकाच कोनातून दिसते.

मूस यांच्यापासून आणखी एक गोष्ट घेता येईल, ती म्हणजे मूल येण्याआधी निर्जीव वस्तूवर प्रकाश बसवून ठेवणे. मी त्यासाठी आपल्याकडचे भरताचे वांगे वापरतो. ते बाळाच्या डोक्यासारखे गोल असते, रंगाने फिकट हिरवे असते आणि त्याची साल तुळतुळीत असते. मुलाच्या डोक्याच्या उंचीवर ते ठेवले की सालीवर दिव्याचे प्रतिबिंब केवढे आणि कुठे पडते, उजेडातून सावली किती सावकाश उतरते, मागच्या फ्लॅशची कड कुठे लागते, हे सारे एका नजरेत कळते. चुका त्या वांग्यावर करून घ्याव्यात, म्हणजे मूल आल्यावर दिव्याला हात लावावा लागत नाही.

प्रश्न : यावल तालुक्यातील आमचे घर धाब्याचे आहे. खिडकी एकच आणि लहान आहे. मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला स्टुडिओसारखे फोटो घरीच काढता येतील का?

उत्तर : अवश्य येतील. खिडकी विसरा आणि दार वापरा. उघडे दार म्हणजे सुमारे तीन बाय सहा फुटांचा सॉफ्टबॉक्सच आहे, आणि धाब्याच्या घरात आतला काळोख आयता पडद्याचे काम करतो. मुलाला उंबरठ्याच्या आत तीन-चार फुटांवर, दाराकडे तिरके तोंड करून बसवावे. आपण चौकटीला टेकून, दारातला उजेड न अडवता बसावे आणि कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. जमीन सारवलेली असेल, तर खालून तपकिरी झाक येते, म्हणून पांढरी चादर अंथरावी. तीच हनुवटीखालची सावलीही भरून काढते. दारासमोरच्या घराची भिंत गडद निळी किंवा हिरवी असेल, तर तिचा रंग मुलाच्या गालावर उतरतो. त्या वेळी दाराला पातळ पांढरे धोतर टांगावे.

दार उत्तरेचे असेल तर उत्तमच, कारण वर्षातला बहुतेक काळ त्यातून थेट ऊन येत नाही. मात्र आपला भाग कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, २१ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्यही डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळचे ऊन उत्तरेच्या दारातून आत शिरते. वाढदिवस त्या काळात असेल, तर पूर्वेच्या दाराशी दुपारनंतर किंवा पश्चिमेच्या दाराशी सकाळी फोटो काढावेत.

प्रश्न : भुसावळहून. सहा महिन्यांच्या बाळाच्या पासपोर्टच्या फोटोत मागे सावली येते आणि फोटो परत पाठवला जातो.

उत्तर : बाळाला उभे धरू नये. पांढऱ्या, सुरकुत्या नसलेल्या चादरीवर निजवावे आणि वरून फोटो घ्यावा. फ्लॅश छताकडे तोंड करून उडवावा. छत पांढरे असेल, तर डोक्याभोवती सावली उरत नाही. डोळे उघडे असावेत, तोंड मिटलेले असावे, आणि आईचा हात चौकटीत येऊ नये. फोटो घेताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवलेला असलाच पाहिजे, कारण कॅमेरा थेट बाळाच्या वर असतो.

प्रश्न : माझा शहाद्याला स्टुडिओ आहे. सावळ्या मुलांचे आईवडील ‘जरा उजळ करून द्या’ असे सांगतात. एक्स्पोजर वाढवले की कपडे पांढरे पडतात आणि चेहरा राखेसारखा दिसतो. सावळ्या त्वचेसाठी प्रकाश वेगळा लागतो का?

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो.

चेहरा राखेसारखा दिसण्याचे कारण बहुधा प्रकाशात नाही, पावडरमध्ये आहे. स्टुडिओत येताना आई मुलाला न्हाऊमाखू घालते, तेल लावते आणि वरून चेहऱ्यावर भरपूर टाल्कम पावडर लावते. ती घरातल्या उजेडात फारशी जाणवत नाही, पण फ्लॅशमध्ये पावडरचा कण न्‌ कण उजळतो आणि सावळ्या गालावर करडा थर दिसू लागतो. कानांच्या पाळ्या आणि मान मात्र मूळ रंगाची राहते. ओल्या मऊ कापडाने चेहरा हलकेच पुसून काढावा आणि दोन मिनिटे थांबावे. काजळ आणि गालावरची तीट राहू द्यावी. ती त्या वयाची ओळख आहे. काजळ दाट असेल, तर डोळे खोल वाटतात, एवढ्यापुरता थर्माकोलचा तुकडा हनुवटीच्या खाली, थोडा तिरपा धरावा.

सावळी त्वचा प्रकाश कमी पसरवते, पण त्वचेवरची चमक तीवर अधिक स्पष्ट उठते. म्हणून अशा चेहऱ्याचा आकार एक्स्पोजर वाढवून दिसत नाही, चमकेतून दिसतो. छोटा दिवा असेल, तर ती चमक कपाळावर पांढऱ्या ठिपक्यासारखी येते. दिवा मोठा असेल, तर तीच चमक गालावरून रेशमासारखी पसरते. मुख्य दिवा शक्य तितका मोठा करावा आणि थोडा बाजूला न्यावा, म्हणजे गालाच्या कडेवर ती चमक दिसेल. एक्स्पोजर त्वचेकडे पाहून ठरवावे, पांढऱ्या झबल्याकडे पाहून नव्हे. झबल्याचा रंगच मोरपंखी, केशरी किंवा गडद लाल निवडला, तर ही ओढाताण संपते. पार्श्वभूमी त्वचेपेक्षा थोडी गडद किंवा बरीच उजळ असावी. त्वचेच्या रंगाइतकीच असली की चेहरा तिच्यात विरून जातो.

आईवडिलांच्या मागणीविषयी माझा अनुभव सांगतो. मी नकार देत नाही आणि उपदेशही करत नाही. सांगितल्याप्रमाणे एक प्रत उजळ करतो आणि मोठ्या दिव्यात काढलेली, मुलाच्या खऱ्या रंगाची दुसरी प्रत शेजारी ठेवतो. दोन्ही एकाच आकारात छापतो आणि काही न बोलता समोर मांडतो. एकदा तोरणमाळच्या बाजूचे एक जोडपे आले होते. मुलगी तीन वर्षांची, कानात चांदीच्या बाळ्या. उजळ केलेल्या फोटोत बाळ्या आणि गाल एकाच रंगाचे झाले होते. खऱ्या रंगाच्या फोटोत सावळ्या गालाशेजारी चांदी लखलखत होती. आईने तो दुसरा फोटो उचलला, पदराने उगीचच पुसला आणि पिशवीत ठेवला.